उरलेल्या गोळ्या आणि ‘एस’-‘आर’चा रिपोर्ट



कुही तालुक्यातल्या एका गटाच्या बैठकीत एक ताई सारख्या खोकत होत्या. हिशेब झाल्यावर त्यांनी पिशवीतून अर्धी पट्टी काढली. “दिवाळीत पोराला दिल्या होत्या, तीन उरल्या. त्याच घेते.” पट्टीवर उभी लाल रेघ होती. म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय न घ्यायचं औषध.

खोकला सारखाच वाटला तरी कारण वेगळं असतं. सर्दी-पडशाचा खोकला बहुतेक वेळा विषाणूंचा, त्यावर अँटिबायोटिक चालतच नाही. भिवापूरकडे मिरचीच्या सातऱ्यावर लागणारा ठसका तर जंतूचाच नाही! न्यूमोनिया करणाऱ्या जिवाणूंतही फरक आहे. न्यूमोकोकसवर अमॉक्सिसिलिन सहसा लागू पडतं, क्लेबसिएलावर ते मुळातच चालत नाही.

मग नेमका जंतू ओळखायचा कसा? डॉक्टरांना गरज वाटली तर ते बेडक्याचं ‘कल्चर’ सांगतात. नागपुरात मेडिकल आणि मेयोत ही तपासणी होते. विरजण लावतो तसा बेडका थाळीत लावून उबेत ठेवतात. वाढलेला जंतू दुसऱ्या थाळीत पसरून त्यावर वेगवेगळ्या औषधांच्या कागदी टिकल्या ठेवतात. ज्या टिकलीभोवती मोकळं कडं पडतं, ते औषध चालतं. रिपोर्टमध्ये ‘एस’ म्हणजे चालतं, ‘आर’ म्हणजे जंतू दाद देत नाही. दोन-तीन दिवस लागतात. नमुना सकाळी, चूळ भरून, खोल खोकून द्यायचा. नुसती लाळ नको. आणि शक्यतो अँटिबायोटिक सुरू करण्याआधी.

त्या ताईंचा खोकला तीन आठवड्यांचा निघाला. दोन आठवड्यांवर गेला की आधी क्षयाची तपासणी, ती सरकारी दवाखान्यात मोफत होते.

लहान मुलांच्या न्यूमोनियात मात्र रिपोर्टची वाट बघत बसता येत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच माणसांना बाळाचा श्वास मोजायला शिकवलं, को-ट्रायमॉक्सॅझोल दिलं आणि बालमृत्यू घटले. १९९० मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. पुढे अनेक जंतू त्या औषधाला दाद देईनासे झाले. आता मुलांना आधी अमॉक्सिसिलिन देतात.

बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट पोट वर-खाली होताना मोजा. दोन महिन्यांच्या आतलं बाळ ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतलं ५० किंवा जास्त, पाच वर्षांपर्यंतचं ४० किंवा जास्त श्वास घेत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना. छाती आत ओढली जात असेल तर मोजतही बसू नका, लगेच निघा. पुढच्या बैठकीत मोबाईलवर वेळ लावून आपण सगळ्या मोजून बघू. लहान लेकरं असलेल्यांनी त्यांना घेऊन यावं.