सुंठेची तपासणी: पैसे नेमके कशाचे?

सातारा-कोरेगावचं किंवा कन्नड-खुलताबादचं आलं घेऊन सुंठ पावडर विकणाऱ्या गटांना हल्ली मोठा खरेदीदार पहिलाच प्रश्न टाकतो, ‘जिंजेरॉल किती?’ म्हणून आल्याला तिखटपणा देणारा हा घटक मोजायला लगेच एचपीएलसी तपासणीकडे धावू नका. खासगी प्रयोगशाळेत तिला नमुन्यामागे साधारण अडीच ते सहा हजार लागतात, जीएसटी 18 टक्के वेगळा. ओलावा, राख आणि सुगंधी तेल या तिन्हींचं मिळून बहुधा दोन हजारांत भागतं.

आधी याच तीन तपासण्या करा. एफएसएसएआयच्या मानकांप्रमाणे पावडरीत ओलावा 12 टक्क्यांच्या वर नको, तेल किमान 1 टक्का हवं. सुंठ चुन्याने पांढरी केल्याचा संशय असेल, तर कॅल्शियमही बघून घ्या. ओलाव्यातच नापास झालेल्या मालाचं जिंजेरॉल मोजून करायचं काय?

एचपीएलसी महाग पडते, कारण तुलनेसाठी शुद्ध 6-जिंजेरॉल मिलिग्रॅमच्या हिशेबाने विकत आणावं लागतं. यंत्र एकदा त्यावर लावलं की पुढचे नमुने स्वस्तात निघतात. चार-पाच लॉट एकदम द्या आणि भावात घासाघीस करा. शोगाओलही त्याच फेरीत मागा. ड्रायर जास्त तापला की जिंजेरॉलमधून पाण्याचा रेणू निघून शोगाओल बनतं. ते चवीला आणखी झणझणीत, त्यामुळे जिभेच्या भरवशावर राहिलात तर फसाल. आकडा नुसत्या 6-जिंजेरॉलचा की 6, 8, 10 मिळून, कोरड्या वजनावर की आहे त्या वजनावर, हे कोटेशनवरच लिहून घ्या. नाहीतर दोन अहवालांची तुलनाच होत नाही.

प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएलचा शिक्का बघून भुलू नका. मान्यता चाचणीनिहाय असते. यादीत जिंजेरॉल आहे का, ते विचारा.

खरा घोळ नमुन्यात होतो. पोत्याच्या तोंडाशी हात घालून मूठभर पावडर पाठवली, तर अहवाल त्या मुठीचाच. दर पोत्यातून वरचं, मधलं, तळाचं काढून ढीग करा, त्याचे चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन ठेवून पुन्हा तेच करा. अर्धा किलो उरलं की निम्मं सीलबंद करून पाठवा, निम्मं लॉट नंबर घालून स्वतःकडे ठेवा. वाद झाला तर तेच कामी येतं.

घरच्या ग्राहकालाही अन्न सुरक्षा व मानके कायद्याच्या कलम 40 प्रमाणे फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते. नमुना कायद्याला धरून नसल्याचं निघालं तर फी परत मिळते. मात्र माल तपासणीसाठी घेतोय, हे दुकानदाराला खरेदी करतानाच सांगावं लागतं.