समुद्रशेवाळाचा अर्क : प्रयोगांतील मात्रा व बाटलीवरील मात्रा

सोयाबीन फुलावर येऊं लागलें कीं दुकानांत नाना तऱ्हेच्या बाटल्या मांडल्या जातात, व त्यांपैकीं पुष्कळांवर ‘समुद्रशेवाळाचा अर्क’ असें छापलेलें असतें. दुकानदार एखाद्या प्रयोगाचा दाखला देतो आणि शेतकरी रोख पैसे मोजतो. तो दाखला त्या बाटलीस कितपत लागू पडतो, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

आपल्या देशांत ह्या विषयाचें मुख्य काम भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेनें केलें. मूळचें फिलिपाइन्सकडील कप्पाफायकस नांवाचें तांबड्या वर्गांतील शेवाळ तिनें १९८४ सालीं येथें आणविलें. पुढें तामिळनाडूच्या रामनाथपुरम् किनाऱ्यावर बांबूच्या तराफ्यांना बेणें बांधून त्याची लागवड सुरू झाली. पीक सुमारें ४५ दिवसांत कापणीस येतें. कारखानदारांस त्यांतील कॅराजीनन हा पदार्थ हवा असतो. आइस्क्रीम, टूथपेस्ट, औषधें यांस दाटपणा आणण्याकरितां तो घालतात. पूर्वीं शेवाळ उन्हांत वाळवून कारखान्याकडे जाई. ओल्या शेवाळांत दहांपैकीं सुमारें नऊ भाग पाणी; त्यामुळें रसाचा उपयोग कांहींच होत नसे. संस्थेच्या संशोधकांनीं ताजें शेवाळ दळून रस गाळून घेण्याची व चोथ्यापासून कॅराजीनन काढण्याची रीत बसविली, आणि तिला २००५ सालीं अमेरिकेंत पेटंट मिळालें. चरकांतून रस एकीकडे व चिपाड दुसरीकडे पडावें, तसाच हा प्रकार.

ह्या रसांत पालाश बराच असून वाढीस चालना देणारीं ऑक्सिन, सायटोकायनिन इत्यादि द्रव्यें अल्प प्रमाणांत असतात. नत्र व स्फुरद नांवालाच. म्हणून यास खत समजून नेहमींचें खत कमी करणें ही शुद्ध फसगत होय. सरकारनेंहि २०२१ सालीं खत नियंत्रण आदेशांत दुरुस्ती करून अशा अर्कांचा जैव उत्तेजक म्हणून निराळा वर्ग केला आहे.

आतां प्रयोगाकडे वळूं. २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, पावसावरील सोयाबीनवर शेंकडा १५ प्रमाणाचा रस फवारल्यानें उत्पन्न शेंकडा ५७ नें वाढलें. आंकडा मोठा आहे. परंतु शेंकडा १५ म्हणजे लिटरभर फवाऱ्यांत १५० मिलीलिटर रस! एकरीं २०० लिटर फवारा धरला तर एका फवारणीस ३० लिटर रस लागेल. बाटलीवर मात्रा बहुधा लिटरास दोनतीन मिलीलिटर, म्हणजे पन्नास ते पाऊणशें पट कमी, लिहिलेली असते. बाटलींतील अर्क आटविलेला आहे, असें कोणी म्हणेल. असूं शकेल, पण तो किती पट आटविला हें विचारून घ्यावें. शिवाय पुष्कळ बाटल्यांत उत्तर अटलांटिक किनाऱ्यावरील अस्कोफायलम हें तपकिरी शेवाळ असतें. त्यास कप्पाफायकसचा दाखला चालणार नाहीं.

ज्यांस घ्यावयाचेंच असेल त्यांनीं पहिल्या वर्षीं एकच बाटली घ्यावी. एकसारख्या जमिनींत सहा पट्टे आंखून एकाआड एक पट्ट्यावर अर्क फवारावा. उरलेल्या पट्ट्यांवर त्याच दिवशीं तितकेंच साधें पाणी फवारावें. हें बहुतेक जण विसरतात, आणि पाण्याचा गुण अर्काच्या नांवावर जमा होतो. प्रत्येक पट्ट्याची मळणी वेगळी करून वजन घ्यावें, व वाढलेल्या धान्याच्या किमतींतून बाटलीची किंमत आणि फवारणीची मजुरी वजा करून पाहावी.