सर्फिंग : डोंबिवलीकरांसाठी पहिला धडा

"मी सर्फिंग शिकले" असं हॉस्टेलवर सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, "कुठल्या वेबसाइटवर?" नाही हो मंडळी, नेटवरचं नाही! खऱ्या समुद्रात, खऱ्या फळीवर उभं राहून करायचं ते सर्फिंग.

आपल्या भागातल्या माणसाला हा विषय परका वाटणार हे साहजिकच आहे. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला आणि अर्नाळा, केळवे, डहाणू हे सगळे किनारे तिकडे गेले. उत्तनची बाजू सोडली तर ठाणे जिल्ह्याला उरली ती खाडी, आणि खाडीत सर्फिंग होत नाही. पण दरवर्षी सेमिस्टर संपली रे संपली की प्रत्येक ब्रँचची ट्रिप कुठे जाते? अलिबाग, काशीद, मालवण, गोवा. म्हणजे समुद्राशी आपला संबंध येतोच, फक्त तो वर्षातून दोन दिवस आणि काहीही माहिती नसताना येतो. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका कॉलेजचे १४ विद्यार्थी बुडाले. १५ एप्रिल २०१७ ला मालवणच्या वायरी किनाऱ्यावर बेळगावचे ८ जण गेले, तेही इंजिनिअरिंग कॉलेजचेच. आपल्याच वयाची, आपल्यासारखीच ट्रिपला गेलेली मुलं. सर्फिंगच्या वर्गात पहिला दीड तास मला कुणी बोर्डला हातसुद्धा लावू दिला नाही, नुसता समुद्र वाचायला शिकवलं. त्यामुळे ज्यांना फळीवर उभं राहण्यात काडीचाही रस नाही, त्यांनीही निदान अर्धा लेख वाचावा ही विनंती.

आधी थोडं खेळाविषयी. भारतात हा खेळ तसा नवाच. कर्नाटकात मुल्कीला २००४ साली सर्फ क्लब सुरू झाला, तोही एका आश्रमात! तिथल्या अमेरिकन स्वामींना लोक 'सर्फिंग स्वामी' म्हणूनच ओळखायचे. मुंबईची इशिता मालवीय २००७ मध्ये मणिपालला शिकत असताना याच मंडळींकडे पोचली आणि पुढे भारतातली पहिली व्यावसायिक महिला सर्फर म्हणून नावाजली गेली. सुरुवातीला तिच्यात आणि तिच्या मित्रात मिळून एकच बोर्ड होता. (हॉस्टेलवर एका ड्राफ्टरवर चौघी ड्रॉइंग पुऱ्या करतात, त्यामुळे मला हे फार जवळचं वाटलं.) २०११ साली राष्ट्रीय फेडरेशन स्थापन झालं, टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळ दाखल झाला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये महाबलीपुरमच्या आशियाई स्पर्धेत रमेश बुदिहालने कांस्यपदक मिळवलं. असो, इतिहास पुरे.

मी शिकले गोव्यात, पेडणे तालुक्यात हरमलला. ठाण्याहून कोकण रेल्वेची रात्रीची गाडी पकडली आणि सकाळी पेडणे स्टेशनला उतरले. नवशिक्याला किनारा असाच लागतो: रेती, उतार अगदी हलका, खाली खडक नाहीत. हे का, याचं उत्तर आपल्या फ्लुइड मेकॅनिक्समध्ये आहे. लाट किनाऱ्याजवळ येते तसा तिचा तळ जमिनीला घासायला लागतो, ती हळू होते आणि उंच होते. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की लाट फुटते. दोन फुटांची लाट अडीच फूट पाण्यात फुटणार. उतार हलका असेल तर ती वरून फेस सांडत सांडत, निवांत फुटते. उतार खडा असेल तर तीच लाट एकदम आदळते, माणसाला उचलून रेतीवर आपटते. मानेची दुखापत होते ती अशा ठिकाणी.

या सव्वापटीच्या नियमातच पुढची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट दडली आहे. लाट कुठे फुटते यावरून खोली कळते, तर मग लाट कुठे फुटत *नाही* यावरून काय कळतं? दोन्ही बाजूंना पांढरा फेस आहे आणि मधेच एक पट्टा शांत, जरा गडद रंगाचा दिसतो आहे. आपण काय करतो? "इथे लाटा नाहीत, इथे उतरूया" म्हणतो. पण ती जागा शांत नाही, खोल आहे! लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेलं पाणी परत जाणार कुठून? रेतीच्या बांधांमधल्या अशाच फटीतून. याला रिप करंट म्हणतात. त्याचा वेग बहुतेक वेळा सेकंदाला अर्धा ते एक मीटर असतो, कधी कधी दोनच्याही वर जातो. १०० मीटर फ्रीस्टाइलचा जागतिक विक्रम ४६.४० सेकंदांचा आहे, म्हणजे सेकंदाला सव्वादोन मीटरपेक्षाही जरा कमी. विश्वविजेता जिथे जेमतेम पुढे सरकेल, तिथे किनाऱ्याकडे तोंड करून हातपाय मारणारा आपला मित्र पाच मिनिटांत दमणार. बुडवतं ते हे दमणं, कारण रिप माणसाला खाली ओढत नाही, बाहेर नेतं. म्हणून सापडलात तर आधी तरंगा, हात वर करून मदत मागा, आणि पोहायचंच असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून, जिथे लाटा फुटताहेत तिथून आत या. काठावरच्यांनी साखळी करून पाण्यात धावायचं नाही. दोरी, रिकामा कॅन, बोर्ड, जे तरंगेल ते फेकायचं आणि जीवरक्षकाला हाक मारायची. गोव्यात २००८ पासून दृष्टी संस्थेचे जीवरक्षक किनाऱ्यांवर असतात. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधे उतरायचं, नुसता लाल झेंडा असेल तर उतरायचं नाही.

दुसरा धडा भरती-ओहोटीचा. इथे माझी कॉन्व्हेंटची भूगोलाची वही कुचकामी ठरली! खारे वारे, मतलई वारे, उधाण, भांग हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले ते रूममेटकडून. ती रत्नागिरीची. तिच्याकडे कॅल्क्युलेटरशिवाय चालणारा एक फॉर्म्युला आहे, तो सगळ्या कोकणाला पाठ असतो: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता. ओहोटी त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी. भरती रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते, म्हणून हे जमतं. पक्ष कोणताही असो, एक ते पंधरा मोजायचं. मिनिटाला मिनिट जुळणार नाही, पण कालनिर्णयवरून ट्रिपचा अंदाज बांधायला पुरेसं आहे.

आता हे वापरून पाहू. समजा आपली ट्रिप द्वितीयेला अलिबागला आहे. दोन गुणिले पाऊण, म्हणजे दीड वाजता भरती, आणि सकाळी सव्वासातच्या सुमारास ओहोटी. पाणी सहाही तास सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाच्या बाराव्या भागाइतकं, दुसऱ्यात दोन भाग, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी चढतं. मुंबई-अलिबागकडे उधाणाच्या दिवसांत हा चढ चार मीटरच्या पुढेही जातो. निम्मं म्हणजे दोन मीटर, दोन तासांत, पुरुषभर उंची! आपल्या हिशोबात हे दोन तास येतात सव्वानऊ ते सव्वाअकरा, नेमके बस पोचून पोहे खाऊन सगळे ओहोटीत चालत कुलाबा किल्ल्याकडे निघतात तेव्हा. परतीची वाट मागे बुडत असते आणि फोटो काढणं चालू असतं.

सर्फिंगच्या दृष्टीने नवशिक्याला अर्धी भरती बरी. पूर्ण भरतीला लाटा अगदी काठावर, चढाच्या भागात आपटतात. वेळ सकाळची घ्यावी. तेव्हा वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, लाटेला समोरून हलकासा आधार देतो, पाणी गुळगुळीत राहतं. दुपारी खारे वारे सुटले की सगळं पाणी खडबडीत होतं. ऋतूचं म्हणाल तर ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात अजिबात नाही! पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जगणारे कोळी नारळी पौर्णिमेपर्यंत होडी आत घालत नाहीत, तिथे आपण कोण? आणि निघण्याआधी हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेचा लाटांचा इशारा जरूर पाहावा. दक्षिणेकडच्या महासागरातल्या वादळांची लांब लाट हजारो किलोमीटर प्रवास करून आपल्याकडे येते. त्या दिवशी इथलं आकाश निरभ्र असू शकतं, म्हणून ढग बघून समुद्र ठरवू नये.

आता बोर्ड. नवशिक्याला मिळतो तो फोमचा, मऊ, आठ-नऊ फूट लांब. आमच्या ग्रुपमधल्या दोघांना छोटा, चकचकीत, टोकदार बोर्ड हवा होता, कारण सिनेमात तसा असतो. आर्किमिडीज आठवा! ऐंशी लिटरचा बोर्ड ऐंशी किलोच्या आसपास तोलतो, पंचवीस लिटरचा तुम्हाला घेऊन खाली बसतो. शिवाय मऊ बोर्ड डोक्यात बसला तर टेंगूळ येतं, कडक बसला तर टाके. बोर्डच्या मागच्या टोकाला एक दोरी असते, लीश म्हणतात, ती मागच्या पायाच्या घोट्याला बांधायची. मागचा पाय कुठला? डोळे मिटून उभं राहा आणि मैत्रिणीला पाठीत हलकेच ढकलायला सांगा. जो पाय आपोआप पुढे पडतो तो पुढचा. माझा उजवा निघाला. अशांना सर्फिंगच्या भाषेत 'गुफी' म्हणतात, यावरून माझं पुढचे चार दिवस काय झालं असेल ते सांगायला नको.

मग रेतीवर कवायत. बोर्डवर पालथं झोपायचं, अशा बेताने की पुढचं टोक पाण्यावर दोन-तीन बोटं राहील. जास्त पुढे सरकलात तर टोक पाण्यात घुसतं, जास्त मागे राहिलात तर शेपटीचा ब्रेक लागतो. साधा मोमेंटचा प्रश्न आहे. उठताना तळवे छातीखाली सपाट, बोर्डच्या कडा धरायच्या नाहीत. एका झटक्यात दोन्ही पाय खाली आणायचे, गुडघ्यांवर थांबायचं नाही. एकदा गुडघ्यांची सवय लागली की ती सुटत नाही, असं आमचे शिकवणारे दादा पन्नास वेळा म्हणाले. पाय बोर्डच्या मधल्या रेषेवर, अंग आडवं, गुडघे वाकलेले, नजर समोर. खाली पायांकडे बघितलं की पडलातच. कल्याण फास्टमध्ये हँडल मिळालं नाही तर आपण कसे आडवे उभे राहतो, गाडी ब्रेक मारते तेव्हा गुडघ्यात झेलतो? तस्सं! चार वर्षं पासावर घालवलेले पैसे मला हरमलला वसूल झाले. ही कवायत हॉस्टेलच्या पॅसेजमध्ये गादी टाकून करता येते. रोज वीस वेळा केली की आठवड्यात दंडात फरक जाणवतो, आणि खालच्या मजल्यावरच्यांची तक्रारही येते.

पाण्यात जायचं ते कमरेइतकंच. पाय रेतीवरून घासत चालायचं, उचलून टाकायचा नाही, कारण रेतीत पाकट लपलेलं असतं आणि त्याच्यावर पाय पडला की काटा मारतं. घासत गेलं की ते स्वतःच पळतं. बोर्ड नेहमी बाजूला धरायचा. स्वतःच्या आणि लाटेच्या मधे आडवा कधीही नाही. एक मीटर खोल पाण्यात लाट ताशी ११ किलोमीटरच्या आसपास वेगाने येते. आठ फूट बाय दोन फुटांचं फळकूट तिच्यापुढे आडवं धरलं तर बसणारा धक्का काही शे किलोंचा असू शकतो, तो सरळ छातीवर.

फुटून गेलेल्या लाटेचा फेस, तोच आपला पहिला वर्ग. तोंड किनाऱ्याकडे, मान वळवून मागे बघायचं, फेस दोन-तीन मीटरवर आला की बोर्डवर झोपून चार-पाच हात मारायचे. मागून ढकलल्यासारखं होतं. घाई करून तिथेच उठू नका! बोर्ड लाटेच्या वेगाने चालायला लागला, स्थिर झाला, की मग उठायचं. पहिल्या दिवशी मी मोजून एकतीस वेळा पडले. पडण्याचीसुद्धा पद्धत आहे: सपाट, पाठीवर किंवा कुशीवर, बोर्डच्या मागे. डोकं खाली करून सूर मारायचा नाही, पाणी कमरेइतकंच आहे. वर येताना दोन्ही हात डोक्यावर, कारण ताणलेली लीश बोर्डला परत तुमच्याकडेच खेचून आणते. तिसऱ्या दिवशी उभी राहिले. तीन सेकंद असतील. काठावर एक आजी मासे वाळत घालत होत्या, त्यांनी वर बघितलं आणि परत कामाला लागल्या.

शेवटी एक विचारणा बऱ्याच जणांकडून येते: पोहता येत नसेल तर? तर आधी पोहणं शिका. बोर्ड म्हणजे लाइफ जॅकेट नव्हे, लीश तुटू शकते. डोंबिवलीच्या सावळाराम महाराज म्हात्रे क्रीडासंकुलात तरणतलाव आहे, शिकवणारेही मिळतात. किती यायला हवं? माझ्या मते दहा मिनिटं काहीही न धरता, न घाबरता पाठीवर तरंगता आलं पाहिजे, आणि दोनशे मीटर न थांबता पोहता आलं पाहिजे. स्टाइल कशी दिसते याला समुद्रात कुणी मार्क देत नाही. रेक्टर मॅडमनी परवानगी दिली तर पुढच्या ट्रिपआधी कॉमन रूममध्ये एक संध्याकाळ तिथीचं गणित आणि रिप ओळखायचे फोटो दाखवायची माझी तयारी आहे. बोर्ड आणता येणार नाही, गादी मात्र ज्याने त्याने आपापली आणावी.