शेवटचे वळण

सांगलीहून साताऱ्याला गावी जाताना वाटेत कऱ्हाड लागते. तेथील धावपट्टी १९५५ साली कोयना प्रकल्पासाठी बांधली गेली. २५ जुलै २०२२ रोजी इंदापूर तालुक्यात एक प्रशिक्षण विमान शेतात कोसळले. शिकाऊ वैमानिक तरुणी बचावली. तेव्हापासून मी या विषयाकडे वळलो.

इंजिन बंद पडले की विमान दगडासारखे पडते, हा माझा समज खोटा ठरला. ते तरंगत उतरू शकते. अधिक घातक असते उतरण्यापूर्वीचे शेवटचे वळण. धावपट्टी हुकेल या भीतीने शिकाऊ वैमानिक विमान जास्त कलवतो, नाक वर ओढतो. उंची राखून साठ अंश कलते वळण घेतल्यास पंखांवरील भार दुप्पट होतो. तोल टिकण्यास किमान वेग ४१ टक्क्यांनी अधिक लागतो. तो नसेल तर विमान गिरकी घेते आणि सावरायला उंची उरत नाही.

अशा वेळी वर जाऊन पुन्हा फेरी मारणे हा कमीपणा नव्हे, शहाणपणा होय.