लहान मूल, घर आणि जोखीम व्यवस्थापन

बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन वेगवेगळ्या अधिकाऱ्यांच्या ताब्यात असतात. एकाने केलेली नोंद दुसऱ्याने तपासल्याशिवाय व्यवहार पूर्ण होत नाही. या पद्धतीमागे कोणावरही अविश्वास नसतो. मनुष्य कितीही प्रामाणिक आणि दक्ष असला तरी त्याचे लक्ष दिवसभर सारखे राहू शकत नाही, हे सत्य बँकिंग व्यवसायाने फार पूर्वीच स्वीकारलेले आहे. म्हणूनच आपली सुरक्षितता व्यक्तीच्या लक्षावर न सोडता व्यवस्थेवर सोपविलेली असते.

घरात मात्र आपण याच्या नेमके उलट वागतो. रांगते-चालते मूल असलेल्या घरात सुरक्षिततेचा सारा भार "मुलाकडे लक्ष ठेवा" या एकाच वाक्यावर असतो. दूध उतू जाते, दाराची घंटा वाजते, दूरध्वनी येतो आणि तेवढ्यात लक्ष ढळते. अपघाताला तेवढा अवधी पुरतो. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००८ साली बालकांच्या अपघातांवर संयुक्त अहवाल प्रसिद्ध केला. त्यात दरवर्षी सुमारे ८ लाख ३० हजार मुले अपघाती इजांनी दगावतात असे नमूद होते. रस्त्यावरील अपघात, बुडणे, भाजणे, पडणे आणि विषबाधा ही त्यांची पाच प्रमुख कारणे. यांपैकी पहिले सोडले तर उरलेली चारही आपल्या घराच्या चार भिंतींत घडू शकतात. ती टाळण्यासाठी लागणारी दुरुस्ती बहुधा एका स्क्रूची, एका बोल्टची किंवा एका झाकणाची असते.

अनुभव काय सांगतो ?

अमेरिकेत १९७० साली विषबाधा प्रतिबंधक वेष्टनासंबंधी कायदा झाला आणि औषधांच्या बाटल्यांना लहान मुलांना सहज न उघडणारी झाकणे आली. त्यानंतर ॲस्पिरिनसारख्या औषधांनी होणारे बालमृत्यू लक्षणीय घटले. पालक एकाएकी अधिक सावध झाले नव्हते. झाकण बदलले होते.

दुसरे उदाहरण न्यूयॉर्क शहराचे आहे. उंच इमारतींच्या खिडक्यांतून मुले पडण्याचे प्रमाण तेथे मोठे होते. १९७२ साली शहराच्या आरोग्य विभागाने खिडक्यांना संरक्षक गज बसविण्याची मोहीम हाती घेतली. एकट्या ब्रॉन्क्स भागात १९७३ ते १९७५ या काळात अशा घटना निम्म्याने घटल्या. १९७६ साली, दहा वर्षांपर्यंतचे मूल ज्या भाड्याच्या घरात राहते तेथे असे गज पुरविणे घरमालकावर बंधनकारक झाले. भाड्याच्या घरांची ही गोष्ट आपल्यासारख्या बदलीच्या नोकरदारांनी विशेष ध्यानात घ्यावी अशी आहे.

डेराबस्सीतील घर

पंजाबच्या मोहाली जिल्ह्यातील डेराबस्सी हे चंडीगढ-अंबाला महामार्गावरील औद्योगिक गाव. बँका, कारखाने आणि खाजगी कंपन्यांतील नोकरीनिमित्त येथे येणाऱ्या कुटुंबांत मराठी कुटुंबेही असतात. घर भाड्याचे, पती-पत्नी दोघेच, आजी-आजोबा दूर गावी. म्हणजे लक्ष ठेवणारे डोळे कमी आणि घर अनोळखी. शिवाय येथील ऋतूंचा तडाखाही आपल्या सवयीचा नसतो. मे-जून महिन्यांत पारा ४० अंशांपलीकडे जातो आणि घरोघरी पत्र्याचे कूलर लागतात. डिसेंबर-जानेवारीत धुके व कडाक्याची थंडी पडते आणि हीटर, गिझर, पाणी तापवायचे रॉड बाहेर निघतात. या प्रत्येक वस्तूबरोबर घरात एक नवी जोखीम येते.

प्रथम मोजमाप

कर्ज देण्यापूर्वी आपण तारणाचे मूल्यांकन करतो, तसेच प्रथम घराचे मूल्यांकन मुलाच्या उंचीवरून करावे. एक वर्षाच्या मुलाची सरासरी उंची सुमारे ७५ सेंटिमीटर, तर दोन वर्षांच्या मुलाची सुमारे ८६ सेंटिमीटर असते. स्वयंपाकाचा ओटा बहुधा ८० ते ८५ सेंटिमीटर उंचीचा असतो. याचा अर्थ असा की पहिल्या वाढदिवशी ज्या ओट्याची कड मुलाच्या डोक्यावर होती, ती दुसऱ्या वाढदिवशी त्याच्या डोळ्यांसमोर येते आणि हात वर केला की कढईचा दांडा त्याच्या मुठीत येतो. म्हणून शेगडीवरील भांड्यांचे दांडे भिंतीच्या बाजूस वळवावेत आणि शक्यतो मागचा बर्नर वापरावा. मूल वाढते तशी जोखीमही वाढते. म्हणून हे मूल्यांकन दर तीन महिन्यांनी नव्याने करावे.

वीज

बहुतेक घरांत एमसीबी असते आणि तेवढ्यावर आपण निश्चिंत होतो. एमसीबीचे काम तारांना अतिभारापासून व शॉर्टसर्किटपासून वाचविण्याचे आहे, माणसाला वाचविण्याचे नाही. ६ अँपिअरची एमसीबी ६,००० मिलिअँपिअरपेक्षा अधिक प्रवाह झाल्यावरच पडते. शरीरातून याच्या शंभराव्या भागाइतका प्रवाह गेला तरी तो प्राणघातक ठरू शकतो. त्यासाठी आरसीसीबी नावाचे वेगळे यंत्र असते. जाणारा आणि परत येणारा प्रवाह यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडताच ते क्षणार्धात वीज तोडते. घरासाठी ३० मिलिअँपिअरचेच घ्यावे. इन्व्हर्टर असलेल्या घरात न्यूट्रलच्या तारेची जोडणी चुकलेली असेल तर ते वारंवार पडते. अशा वेळी यंत्र काढून टाकू नये. जोडणी दुरुस्त करून घ्यावी. त्यावरील 'टी' अक्षराचे बटण महिन्यातून एकदा दाबून ते पडते की नाही हे पाहावे.

जमिनीलगतच्या सॉकेटना झडप असलेली नवी सॉकेट बसवावीत. तीन पिनांच्या प्लगमधील वरची जाड पिन इतरांपेक्षा लांब असते. ती प्रथम आत जाऊन झडप उघडते आणि मगच खालच्या छिद्रांना वाट मिळते. मुलाने खालच्या छिद्रात खिळा किंवा हेअरपिन घातली तरी झडप उघडत नाही.

पत्र्याच्या कूलरमध्ये पाणी, वीज आणि धातू ही तिन्ही एकत्र येतात. अर्थिंग तपासल्याशिवाय तो मोसमात प्रथम सुरू करू नये आणि पाणी भरताना प्लग काढूनच भरावे. बादलीत सोडावयाचा तापविण्याचा रॉड तर लहान मूल असलेल्या घरात वापरूच नये. इन्व्हर्टरची बॅटरी जाळीच्या पेटीत किंवा बंद कोनाड्यात ठेवावी. तिच्यात आम्ल असते.

पाणी

बुडण्यासाठी नदीची गरज नसते. लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते. बादलीत डोकावताना तोल गेला की त्याला स्वतःहून वर येता येत नाही आणि काही सेंटिमीटर पाणीही घातक ठरते. रात्री पाणी साठवून ठेवण्याची सवय असल्यास पिंपाला घट्ट झाकण असावे, बादल्या रिकाम्या करून पालथ्या ठेवाव्यात आणि स्नानगृहाच्या दाराला बाहेरून, मोठ्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर, बोल्ट बसवावा.

गरम पाण्याचे गणितही समजून घ्यावे. ६० अंश तापमानाच्या पाण्याने प्रौढाची त्वचा काही सेकंदांत भाजते आणि मुलाची त्याहूनही लवकर. ४९ अंशांवर तितकेच भाजण्यास काही मिनिटे लागतात, म्हणजे मुलाला बाजूला घेण्यास अवधी मिळतो. म्हणून गिझरचा थर्मोस्टॅट कमी तापमानावर ठेवून घ्यावा. स्नानाच्या बादलीत आधी थंड पाणी घ्यावे, मग गरम.

थंडी आणि बंद खोली

उत्तरेतील हिवाळ्यात सर्वांत फसवी जोखीम कार्बन मोनॉक्साइड वायूची आहे. बंद खोलीत कोळशाची अंगिठी किंवा बंद स्नानगृहात गॅसचा गिझर जळू लागला की प्राणवायू अपुरा पडतो आणि हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जोडला जातो. मुलांचा श्वासोच्छ्वास जलद असल्याने त्यांना तो लवकर बाधतो. गॅस गिझर स्नानगृहाच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवून केवळ पाण्याची नळी आत आणावी. झोपण्याच्या खोलीत अंगिठी कधीही ठेवू नये.

स्वयंपाकाच्या गॅसच्या नळीवर छापलेली मुदत पाहावी आणि साधारण पाच वर्षांनी ती बदलावी. रात्री रेग्युलेटर बंद करावा. गॅसगळतीच्या तक्रारीसाठी १९०६ हा क्रमांक देशभर चालतो. तेल कंपन्यांनी नोंदणीकृत ग्राहकांसाठी विमा उतरविलेला असतो. पण मालमत्तेच्या नुकसानीची भरपाई नोंदलेल्या पत्त्यापुरतीच मिळते. म्हणून बदली झाल्यावर बँक खात्याबरोबर गॅसजोडणीचा पत्ताही बदलून घ्यावा.

दारे, खिडक्या, कपाटे

मूल आत शिरून स्वतःच कडी लावून घेते, हा प्रसंग अनेक घरांत घडतो. यावर उपाय सोपा आहे. खालचे बोल्ट काढून ते मोठ्यांच्या हाताच्या उंचीवर लावावेत. दाराच्या वरच्या कडेवर जाड टॉवेल टाकून ठेवला की दार आपटत नाही व बोटे चेंगरत नाहीत. गच्चीच्या किंवा बाल्कनीच्या कठड्याच्या गजांमध्ये १० सेंटिमीटरपेक्षा अधिक अंतर असल्यास जाळी बांधावी आणि जवळ खुर्ची, कुंडी किंवा स्टूल ठेवू नये. टीव्ही, बूटांचे रॅक आणि उंच कपाट यांना मागून लोखंडी पट्टीने भिंतीशी जखडावे; मुलांना खण हे पायऱ्यांसारखे वाटतात.

डेराबस्सीच्या हार्डवेअर दुकानात बिजागरीला 'कब्जा', बोल्टला 'चिटकनी' आणि कडीला 'कुंडी' म्हणतात, एवढे ठाऊक असले की काम अडत नाही.

लहान वस्तू आणि औषधे

तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांचे सुटे भाग तपासण्यासाठी सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाची नळी प्रमाण मानतात. त्या नळीत जी वस्तू पूर्ण मावते, ती श्वासमार्गात अडकू शकते. आपली १० आणि २० रुपयांची नाणी २७ मिलिमीटर व्यासाची आहेत, म्हणजे तीही धोकादायकच. २० मिलिमीटरचा चपटा लिथियम सेल तर सर्वांत घातक. तो अन्ननलिकेत अडकल्यास अवघ्या दोन तासांत गंभीर जखम करतो. रिमोट, खेळणी, वजनकाटा यांच्या सेलच्या कप्प्यावर स्क्रू नसेल तर मजबूत चिकटपट्टी लावावी. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह अनिवार्य आहे, ते पाहूनच खरेदी करावी.

औषधांबाबत बँकेचीच पद्धत घरी आणावी. पॅरासिटामॉलच्या सिरपमध्ये ५ मिलिलिटरला १२५ किंवा २५० मिलिग्रॅम औषध असते, तर थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरलाच १०० मिलिग्रॅम. एका बाटलीचे माप दुसरीला लावले तर मात्रा कित्येक पटींनी वाढते. म्हणून प्रत्येक बाटलीचे माप तिच्याच पेटीत ठेवावे. औषध दिल्याची वेळ व मात्रा फ्रिजवरील कागदावर लिहावी आणि दुसऱ्याने ती पाहिल्याशिवाय पुढची मात्रा देऊ नये. फिनाइल, ॲसिड, रॉकेल हे पेयांच्या रिकाम्या बाटल्यांत कधीही भरू नये.

अपघात झालाच तर

भाजल्यास त्या भागावर २० मिनिटे वाहते थंड पाणी सोडावे. बर्फ, तूप, टूथपेस्ट लावू नये. रॉकेल किंवा ॲसिड पोटात गेल्यास उलटी करवू नये. सेल गिळल्याचा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. कार्बन मोनॉक्साइडचा संशय आल्यास मुलाला प्रथम मोकळ्या हवेत न्यावे. तातडीच्या मदतीसाठी ११२, तर विषबाधेच्या सल्ल्यासाठी दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा निःशुल्क क्रमांक दारामागे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. डेराबस्सीकरांसाठी चंडीगढचे पीजीआय आहे. तरी जवळचे रात्रभर उघडे असणारे रुग्णालय कोणते, हे घर घेतानाच विचारून ठेवावे.

खर्च आणि ताळेबंद

बोल्ट, जाळी, पट्ट्या, झाकणे आणि सॉकेट यांचा खर्च एका मध्यम घरासाठी काही हजार रुपयांच्या आतबाहेर जातो. त्यात आरसीसीबी सर्वांत महाग, परंतु घर सोडताना ती काढून नेता येते. घरमालकाची परवानगी भाडेकराराच्या वेळीच लेखी घ्यावी. भिंतीत भोके पाडण्यावरून होणारे वाद टळतात. महिन्यातील एक दिवस, समजा पगाराचा, गृहतपासणीसाठी ठरवावा. आरसीसीबीचे बटण, गॅसची नळी, बादल्या, औषधांचे कपाट, सेलचे कप्पे आणि कठडा या सहा बाबी पाहण्यास पंधरा मिनिटे पुरतात. एकाने तपासावे, दुसऱ्याने खूण करावी.

मुलाने धडपडावे, चढावे, पडावे आणि त्यातून शिकावे, हे त्याच्या वाढीसाठी आवश्यकच आहे. गुडघा खरचटणे हा बालपणाचा नित्यखर्च मानावा. ज्या हानीची भरपाई कोणत्याही विम्याने होत नाही, तिच्यापुरती मात्र दारे आधीच बंद करावीत. प्रत्येक बदलीनंतर, नव्या घरात सामान लावण्यापूर्वी, हा पहिला दिवस मुलाच्या उंचीने घर पाहण्यासाठी राखून ठेवावा, ही सर्व ग्राहकांना आणि सहकाऱ्यांना विनंती.

— अधिकारी, डेराबस्सी शाखा (पंजाब)