गाल का बसले?

आमच्या ओळखीचे एक अण्णा होते. २००५ साली त्यांच्या रक्तात एच.आय.व्ही.चे जंतू सापडले. १ एप्रिल २००४ पासून सरकार यावरच्या गोळ्या फुकट देऊ लागले होते. त्या अण्णांना मिळाल्या. ताप गेला, भूक लागली. अण्णा पुन्हा शेतावर जाऊ लागले.

दोन वर्षांनी मात्र निराळेच झाले. गाल बसले. हातापायांच्या शिरा दोरीसारख्या दिसू लागल्या. पारावर कुजबुज सुरू झाली, "अण्णा खंगत चालला!" अण्णांनी पारावर येणे सोडले. पुढे गोळ्याही सोडायला निघाले. आम्ही म्हटले, "अण्णा, आधी डॉक्टरांना विचारू या."

डॉक्टरांनी समजावून सांगितले. अंग वाळण्याची मुख्य कारणे दोन.

पहिले कारण रोग. औषध घेतले नाही तर रोग बळावतो. तोंड येते, हगवण लागते, क्षय जडतो. खाल्लेले अंगी लागत नाही. मग चरबी जाते आणि मांसही झडते. माणूस अशक्त होतो.

दुसरे कारण काही जुन्या गोळ्या. स्टॅव्हुडीन या गोळीने असे फार होई. झिडोव्हुडीनने त्याहून कमी. आपल्या अंगात चरबी साठवणाऱ्या बारीक बारीक पेशी असतात. प्रत्येक पेशीत जणू चुली पेटलेल्या असतात. त्यांवर पेशी जगते. या गोळ्यांनी त्या चुली मंदावत. मग पेशी मरत. गाल, हात, पाय, कुल्ले येथली चरबी जाई. मांस मात्र राही. म्हणूनच अण्णा पोते उचलू शकत होते!

डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. झीज थांबली. गाल पुरते भरले नाहीत, कारण गेलेली चरबी फार सावकाश येते. पण अण्णा पारावर येऊ लागले.

२००९ साली जागतिक आरोग्य संघटनेने स्टॅव्हुडीन हळूहळू बंद करा, असे सर्व देशांना सांगितले. हल्लीच्या गोळ्यांनी असे क्वचितच होते.

तेव्हा मंडळी, ध्यानात ठेवा. अंग वाळू लागले तर ए.आर.टी. केंद्रात जाऊन सांगा. आपल्या मनाने गोळी सोडू नका. गोळी सोडली की जंतू पुन्हा माजतात. आणि कुणाचे गाल बसलेले दिसले तर त्याला नावे ठेवू नका. शेजारी बसल्याने, एका पंगतीत जेवल्याने हा रोग लागत नाही.

प्रश्न
१. अण्णांनी पारावर येणे का सोडले?
२. रोगाने काय झडते? जुन्या गोळ्यांनी काय जाई?
३. अंग वाळू लागले तर आपण काय करावे?