माझे पैसे नाट्यगीताला मिळतात का?

प्रश्न : गाणी ऐकण्याच्या एका ॲपला मी दर महिन्याला पैसे भरते. ऐकते ती जुनी नाट्यगीतं आणि भीमसेन जोशींचे अभंग. नवं सहसा काही लावत नाही. मी भरलेले पैसे या कलावंतांच्या किंवा त्यांच्या वारसांच्या हाती पडतात का? एकदा गाणं ऐकलं की त्याचे किती मिळतात?
– एक वाचक भगिनी, सातारा

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचं उत्तर छोटं आहे. ठरलेला दर नाहीच. कॅसेटच्या वेष्टणावर किंमत छापलेली असे. २००३ साली ॲपलने आयट्यून्सचं दुकान उघडलं तेव्हाही एका गाण्याचे ९९ सेंट मोजावे लागत. स्पॉटिफायसारख्या ॲपवर गाण्याच्या वाट्याला येतो तो फक्त हिस्सा. महिनाभरात वर्गणीतून जमलेल्या रकमेचा ढोबळमानाने दोन तृतीयांश भाग बाजूला काढतात आणि त्या महिन्यात कोणतं गाणं किती वेळा वाजलं, त्या प्रमाणात वाटतात. हा हिशेब देशागणिक वेगळा असतो. आपल्याकडे जाहिराती सोसत फुकट ऐकणारेच जास्त, त्यामुळे वाटायची रक्कमही बेताचीच.

आता तुमच्या पैशांकडे येऊ. समजा, ॲपचे गिऱ्हाईक दोनच आहेत, तुम्ही आणि शेजारचा कॉलेजकुमार. दोघांनी शंभर-शंभर भरले आणि प्रत्येकी सत्तर रुपये वाटपाला निघाले, म्हणजे एकूण १४०. तुम्ही महिन्यात दहा वेळा नाट्यगीत लावलंत. त्याने लग्नाच्या वरातीतली गाणी ९९० वेळा वाजवली. हजारातले दहा म्हणजे एक टक्का. नाट्यगीताला मिळाले एक रुपया चाळीस पैसे. तुमचे उरलेले ६८ रुपये ६० पैसे तुम्ही कधी न ऐकलेल्या वरातीच्या गाण्याला गेले! ज्याने त्याने जे ऐकलं त्यालाच त्याचे पैसे द्यावेत, अशी पद्धत साउंडक्लाउडने २०२१ मध्ये सुरू केली. मोठ्या ॲपांनी ती सरसकट उचललेली नाही. मला विचाराल तर न्याय्य तीच आहे.

त्यात मोजणीची आणखी एक गंमत आहे. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं की एकदा ऐकलं असं धरतात. पुढे ते अडीच मिनिटं चालो की पन्नास, मोजणी एकच. भीमसेनजींचा पाऊण तासाचा ख्याल तुम्ही तल्लीन होऊन ऐकलात, तर तेवढ्या वेळात शेजाऱ्याच्या खात्यावर अठरा गाणी चढतात. नव्या गाण्यांत सुरुवातीचं वाद्यसंगीत आखडत चाललंय आणि मुखडा पहिल्या काही सेकंदांतच कानावर आदळतो, त्यामागे हाही हिशेब आहे. १९०२ साली गायिका गौहरजानने आपल्या देशातल्या पहिल्यावहिल्या तबकड्यांसाठी गाणं तीनेक मिनिटांत बसवलं, ते तबकडीवर जागाच तेवढी होती म्हणून. एलपी आणि कॅसेटने रागाला पाय पसरायला जागा दिली. आता जागेला तोटा नाही, तरी गाणं पुन्हा तिथेच येऊन बसलंय.

बरं, ते एक रुपया चाळीस पैसे तरी कुणाचे? आधी ते ध्वनिमुद्रणाच्या मालकाकडे जातात, म्हणजे बहुधा कंपनीकडे. एचएमव्हीचा जुना खजिना आज सारेगामाकडे आहे. गायकाला किंवा त्याच्या घरच्यांना काय मिळेल ते त्या काळच्या करारावर ठरतं. बिदागी एकदाच घेऊन विषय संपवलेला असेल, तर काही नाही. गीतकार-संगीतकारांची स्थिती थोडी बरी. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीमुळे त्यांना रॉयल्टीतला आपला समान हिस्सा कंपनीच्या नावे लिहून देताच येत नाही. तो गोळा करायला आयपीआरएस ही संस्था आहे. दुरुस्तीसाठी जावेद अख्तर यांनी राज्यसभेत किल्ला लढवला होता.

तुमच्या आवडीत मात्र एक पेच आहे. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं टिकतो, शब्दांचा आणि चालीचा कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. जुन्या नाट्यगीतांच्या कर्त्यांपैकी नाटककार देवल गेले १९१६ मध्ये, चाली देणारे भास्करबुवा बखले १९२२ मध्ये, नाटककार खाडिलकर १९४८ मध्ये; म्हणजे त्यांच्या गीतांवरचे हक्क संपले. बालगंधर्वांच्या १९३० च्या आसपासच्या तबकड्या तर कधीच मोकळ्या झाल्या. ते ध्वनिमुद्रण कुणीही चढवावं आणि पैसे घ्यावेत, वारसांना विचारायची गरज नाही. म्हणजे बालगंधर्व ऐकताना तुमचे पैसे ज्याने फाइल चढवली त्याला मिळतात. अभंगाचंही अर्धं तसंच. तुकोबा-नामदेवांच्या शब्दांवर हक्क कुणाचाच नाही, पण राम फाटक किंवा श्रीनिवास खळे यांच्या चालीवर अजून आहे.

या व्यवस्थेने वाईटच केलं असं नाही. पूर्वी कॅसेट निघायची तर कंपनीचा दरवाजा ठोठावावा लागे, मग दुकानदाराने ती मांडायला हवी. मुंबईत काळा घोड्याजवळचं ऱ्हिदम हाऊस २०१६ मध्ये बंद झालं, तेव्हा अशा दुकानांचं युग जवळपास आटोपलंच होतं. आज थोडी फी किंवा टक्केवारी घेऊन वितरक तुमचं गाणं सगळ्या ॲपांवर पोचवतात. जळगावकडच्या संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ २०२४ मध्ये कुठल्याही चित्रपटाच्या पाठबळाशिवाय रील्सवरून देशभर पोचलं. पण चढवता येणं आणि कमावणं यांत अंतर आहे. त्याच २०२४ पासून स्पॉटिफायवर वर्षभरात हजार वेळाही न वाजलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणापोटी एक छदामही मिळत नाही. एखाद्या शाहिराने गावच्या जत्रेतला पोवाडा चढवला आणि तो आठशे वेळा ऐकला गेला, तर शाहिराच्या हाती शून्य.

तेव्हा ताई, वर्गणी चालू ठेवा, ॲप सोयीचं आहे. पण गाणाऱ्याच्या हाती पैसे पडावेत असं वाटत असेल, तर साताऱ्यात नाट्यगीतांची मैफल होईल तेव्हा तिकीट काढून जा. एका तिकिटातून गायकाला जे मिळेल, ते ॲपवर तीच गाणी वर्षभर ऐकूनही मिळायचं नाही.